युरोपचा पेपर

महाडच्या कॉलेजात युरोपीय साहित्याचा पेपर कुणी हातात धरत नव्हतं, म्हणून तो प्रियदर्शिनीच्या गळ्यात पडला. तासिकांवर, म्हणजे परमनंट नाही. तिने मात्र तो जीव लावून शिकवला.

तिची पीएचडी त्यातलीच. गाव सोडून राजधानीत नशीब काढायला गेलेला तरुण फ्रेंच, रशियन आणि पोर्तुगीज कादंबऱ्यांत कसा बदलत जातो, हा विषय. तिच्या गावी, तुडीलच्या बौद्धवाडीत, घरटी एक माणूस मुंबईला गेलेला; तिला हा विषय परका कधी वाटलाच नाही. त्यासाठी ती फ्रेंच शिकली, पोर्तुगीजशी झटली.

यंदा परमनंट जागा निघाली. मुलाखतीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी प्रबंध उघडलासुद्धा नाही.

"मॅडम, तुमचं स्वतःचं एवढं दलित साहित्य असताना हे युरोप कशाला?"

अगदी प्रेमाने विचारलं, तेच जास्त झोंबलं.

"सर, हेही माझंच आहे," ती म्हणाली. सगळे कौतुकाने हसले.

जागा पोलादपूरच्या विनीतला मिळाली. घरची शेतीवाडी, पार महाडपर्यंत घरच्यांच्या शब्दाला वजन. त्याचाही प्रबंध युरोपवरच, पण सगळा इंग्रजी भाषांतरांवर. मूळ फ्रेंच उतारे प्रियदर्शिनीनेच त्याला समजावून दिले होते. तुमच्या गावच्या भजनांवर का नाही लिहिलंत, असं त्याला कुणी विचारलं नाही. युरोपात जायला व्हिसा फक्त तिलाच लागत होता.

"झालं काय गो?" आईने, सोनाबाईने, दारातच विचारलं.

"नाय झालं, आये."

"तू तिकडचं सांगत बसलीस, त्यांना आपली वाडीच दिसली असंल."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "वाईट वाटून घेऊ नका. वीस मार्चला चवदार तळ्यावर कॉलेजतर्फे तुम्हीच बोलायचं. तुमच्याइतकं योग्य दुसरं कोण आहे?"

प्रियदर्शिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. बाबांच्या खांद्यावर बसून ती त्या तळ्यावर गेली होती, मग मैत्रिणींबरोबर, मग एकटी. कुणी सांगितलं म्हणून कधीच नाही. युरोप काढून घेतला होताच. आता हे तिचं हक्काचं तळंही हेच लोक तिला नेमून देत होते.

पण पुढच्या वर्षीच्या तासिका अजून वाटायच्या होत्या आणि त्या वाटणारा माणूस समोर बसला होता.

"बोलते, सर," ती म्हणाली.