दमट कागदाची चाचणी

“हात खिशातून काढायचे नाहीत,” थोरल्या दिरांनी ह्यांना पुन्हा बजावलं.

“लहान आहे का मी, दादा?”

“तू नाहीस रे. तुझे हात आहेत.”

दोघे भाऊ एकाच छापखान्यात. हे मोठ्या मशीनवर, दीर जुन्यावर. जुन्याला कागद हातानंच लावावा लागायचा. मालक नवं मशीन घेणार होता आणि त्याला कागद पुरवणारा फीडर कोणता बसवायचा, हे ह्यांना विचारत होता. एक फीडर एकेक कागद उचलायचा, सावकाश. तो घेतला तर जुनं मशीनही लागणार, म्हणजे दीर कामावर राहणार. दुसरा कागदावर कागद सरकवत न्यायचा, माशाच्या खवल्यांसारखा, भराभर. तो आला की जुनं मशीन भंगारात आणि दीर घरी.

मालक डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाचं ऐकायचा नाही. म्हणून भावांनी ठरवलं, चाचणीला आपला पातळ, दमट कागद न्यायचा. तो एकमेकांना चिकटतो. गठ्ठा मोकळा न करता लावला की दोन-दोन कागद ओढले जाणार आणि भरभऱ्या फीडर अडकणार.

आता ह्यांचे हात म्हणजे काय सांगू तुम्हाला. गठ्ठा असा फडफडवायचे की पलीकडच्या गल्लीतले दिवे विझायचे. खोटं वाटत असेल तर शेजारणीला विचारा. ती वारली, ते माझं नशीब.

चाचणीला हे भिंतीला टेकून उभे राहिले, हात खिशात. विकणाऱ्याच्या माणसानं गठ्ठा उचलला तो तसाच, वेडावाकडा.

“अहो, असा नाही,” हे म्हणाले. गठ्ठा घेतला, वाकवला, फडफडवला, फुंकर मारली, कडा ठोकून सारख्या केल्या आणि लावून दिला. मशीन सुरू झाल्यावर ह्यांना कळलं, आपण काय करून बसलो.

एकही कागद अडकला नाही.

“लोण्यासारखं चाललंय,” मालक म्हणाला. “हाच घेऊ ना?”

ह्यांनी मान डोलावली.

संध्याकाळी दीर दारातच उभे होते. “अडकला?”

“नाही.”

“दमट होता तरी?”

ह्यांनी हात खिशात घातले. दिरांनी त्या खिशांकडे बघितलं. मग म्हणाले, “चहा घे. गार होतोय.”

नवं मशीन आलं, जुनं भंगारात गेलं. दीर तरी रोज सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा सदरा घालायचे, आणि आतल्या खोलीचं दार लोटून बसायचे, हे कामावर निघेपर्यंत.

हे चपला हातात घेऊन बाहेर पडायचे. पायऱ्या उतरून झाल्या की मग घालायचे.