बाबांचं हिरवं कार्ड

खम्पानला जाऊन शंभर दिवस झाले. त्या सकाळी त्याच्या बहिणीनं, थाँगबायनं, चिकट भात वाफेला लावला आणि शंभराव्या दिवसाच्या अन्नदानासाठी भिक्खूंची ताटं काढली. खम्पानची लेक पिकुन शेजारी बसून केळीची पानं पुसत होती. तिच्या खिशात बाबांचं हिरवं कार्ड होतं.

कोविडनं बाबांचा श्वास अडला, तेव्हा शहरातल्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "स्टेरॉइड सुरू करायचंय. भातखाचरात अनवाणी राबलेला माणूस. पोटात जंत नाहीत ना?"

"मुळीच नाहीत," म्हणत पिकुननं कार्ड पुढं केलं. त्यावर 'तपासणीत जंत नाहीत' असा शिक्का आणि गावच्या आरोग्यसेविकेची, म्हणजे आत्याचीच सही होती. जंतांची गोळी मग राहिली. मास्कआडून बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. दमले असतील, असं तिला वाटलं.

चार दिवस सुधारले आणि एकाएकी ढासळले. कफात अळ्या दिसल्या तोवर उशीर झाला होता. परवा पिकुन इस्पितळात कागद घ्यायला गेली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे जंत चिखलातून अनवाणी पायांवाटे शिरतात आणि वर्षानुवर्षं गुपचूप पडून असतात. स्टेरॉइडनं शरीराचा पहारा उठला की मोकाट सुटतात. एकट्या कोविडनं ते गेलेच नसते, असं मी म्हणणार नाही. पण कार्ड खोटं होतं."

"आत्या," आता पानं पुसता पुसता पिकुन म्हणाली, "बाबांची डबी कुणी भरली होती?"

"कसली डबी?"

"तपासणीची. शौचाची."

"शी! भिक्खू जेवायला येतायत आणि काय विषय काढतेस, पोरी!"

पिकुननं कार्ड पानावर ठेवलं. थाँगबायनं भातावरचं झाकण उगाचच काढून पुन्हा लावलं.

"तीनदा डबी दिली त्याला. तीनदा रिकामी परत. शेवटी म्हणतो कसा, 'तुझ्यातलंच घाल थोडं. एका आईचं दूध प्यालोय आपण, तुझं ते माझंच.' इतका हसला मेला, की मलाही हसू आवरेना."

पिकुनला ते हसणं ऐकू आलं. आणि भिंतीकडे वळलेली मान दिसली. बाबांना ठाऊक होतं. तिनं कार्ड पुढं केलं तेव्हाही.

"वेशीवर 'जंतमुक्त गाव' पाटी लागायची होती गं. सात जणांच्या डब्या यायच्या राहिल्या होत्या."

"सातही डब्या तूच भरल्यास?"

आत्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"नावं लिही. ह्याच कार्डामागं."

थाँगबायनं पहिलं भावाचं लिहिलं. सहा नावं झाली आणि पेन थांबलं.

"सातवं?"

"तू शहरात नोकरीला. नाव मात्र इथल्या वहीत. एवढ्याशासाठी तुला कुठं बोलवायचं?"

पिकुन लहानपणी बाबांच्या मागं चिखलात रोपं लावायची. अनवाणीच.

भिक्खू आले. तिनं हात जोडले, नीट वाढलं, शेवटपर्यंत बसली. ते गेल्यावर आत्याच्या पिशवीतून सहा रिकाम्या डब्या काढल्या.

"एक माझी. पाच घरी तू माझ्याबरोबर येणार."

"लोक तोंडावर थुंकतील माझ्या."

"थुंकू देत."

"आणि पाटी?"

पिकुन पायऱ्या उतरली. खाली बाबांच्या रबरी चपला होत्या, दोन वर्षांपूर्वी तिनंच आणलेल्या. त्यांचे तळ अजून कोरे होते.