सॅम्पल फ्लॅटमधला मुलगा

माझी ताई फेलिसिदाद आयुष्यभर बहारीनच्या इस्पितळात नर्स होती आणि तिचा नवरा आर्सेनियो मालवाहू जहाजांवर इंजिनीअर. मूलबाळ झालं नाही. साठीला टेकल्यावर दोघं मनिलाला परतले आणि माकातीतल्या एका नव्या टॉवरमध्ये त्यांनी घर घेतलं, तेही सॅम्पल फ्लॅट. गिऱ्हाइकांना दाखवायला बिल्डरनं सजवलेला.

"आता पडदे निवडण्याइतका दम नाही गं लुर्देस," ताई मला म्हणाली. "इथे चमच्यांसकट सगळं तयार आहे."

सगळं म्हणजे खरंच सगळं. परडीत मेणाचे आंबे होते, टीव्ही पुठ्ठ्याचा निघाला, कपाटातल्या पुस्तकांना आत पानंच नव्हती. दिवाणखान्यात कुठल्याशा गोऱ्यागोमट्या जोडप्याचा फोटो होता. तो काढून भाऊजींनी स्वतःच्या लग्नातला लावला. बाकीचं खोटं सामान कचऱ्यात गेलं. राहिली ती फक्त मुलाची खोली. छतावर ढग रंगवलेले, छोटा लाकडी पलंग आणि भिंतीवर त्याच पलंगावर बसलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाचा मोठा फोटो. निळ्या पट्ट्यांचा पायजमा, पुढचा दात पडलेला, पाय खाली सोडलेले.

"हा काढायचा ना?" भाऊजींनी विचारलं.

"राहू दे. खोली त्याचीच आहे," ताई म्हणाली.

पुढे तरणतलावाकाठी खालच्या मजल्यावरच्या मिसेस दिझोननं घरातल्या त्या फोटोबद्दल विचारलं, "नातू का?" आणि ताई "हो" म्हणून बसली. मग नातू कॅनडात राहायला गेला. त्याला बर्फात सर्दी झाली, तो गणितात पहिला आला. मी चिडवायचे, "पुढच्या वर्षी लग्नच लावून टाक त्याचं." ताई हसायची नाही. तो फोटो तिनं दिवाणखान्यात आणून लावला.

आवाज सुरू झाला तो कडक उन्हाळ्यात. त्या उंचीवर दुहेरी काचांमागे बाहेरचं काही ऐकू येत नाही. मजल्यावरची बाकीची घरं विकली गेलेली, पण रिकामीच. मालक सिंगापूरला नाहीतर आणखी कुठे. दुपारी भाऊजी आडवे झाले की त्या शांततेत मुलाच्या खोलीतून यायचं, टक. टक-टक. पलंगाच्या लाकडावर कुणी टाच आपटावी तसं.

भाऊजींनी खाली ऑफिसात तक्रार केली. माणूस आला, त्यानं भिंती ठोकून बघितल्या आणि म्हणाला, "पाइपात हवा असेल, सर."

"हवेला पाय असतात का रे?" भाऊजींनी त्याला विचारलं.

एका रविवारी मी तिथेच होते. ताईनं त्या छोट्या पलंगावर इस्पितळातल्यासारखी चादर ताणून घातली, एकही सुरकुती नाही. आम्ही कॉफी घेऊन परत आलो तर पलंगाच्या कडेला लहानसा खळगा पडलेला. मी हात लावला. जागा गरम होती.

भाऊजींनी पाद्रीबाबांना बोलावलं. त्यांनी खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटल्या, पान्सितच्या शेवया खाऊन गेले. त्यानंतर काही दिवस घर चिडीचूप होतं. ताई मात्र ताटावरून उठून जायला लागली. विचारलं की म्हणायची, काही नाही. मग एका दुपारी आम्ही बोलत बसलो असताना पुन्हा टक-टक झालं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. त्या दिवशी मला भीती वाटली. आवाजाची नाही, तिची.

सप्टेंबरात भाऊजींचा वाढदिवस होता. ताईनं उबेचा, जांभळ्या कंदाचा केक एका घरगुती बाईकडून मागवला होता. मिसेस दिझोन आल्या होत्या, चार पाहुणे होते. केकवाली बाई स्वतःच केक घेऊन आली. मारिविक तिचं नाव, तिशीतली, सामानाच्या लिफ्टनं आल्यामुळे घामाघूम. ती खोका टेबलावर ठेवत होती तेवढ्यात मिसेस दिझोन फोटोकडे बघून म्हणाल्या, "अगं फेली, आजोबांच्या वाढदिवसालाही नातू येत नाही? कॅनडा काय चंद्रावर आहे का?"

मारिविकनं मान वर केली. खोका तिच्या हातातून टेबलावर आदळला.

"हा तर माझा एमान," ती म्हणाली.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. भाऊजींनी पाहुण्यांना कसंबसं आवरलं. कुणाला काय सांगितलं देव जाणे, पण थोड्या वेळात घरात आम्ही चौघंच उरलो.

"मॅडम, मी भांडायला नाही आले," मारिविक म्हणाली. "हा फोटो कुठे लागलाय हेच मला माहीत नव्हतं."

ताईनं तिला खोलीत नेलं. दारातच ती थबकली. "पलंग तोच आहे," म्हणाली आणि उभ्याउभ्याच सांगत राहिली. टॉवर तेव्हा अर्धाच उभा होता, फोटोसाठी मुलगा हवा होता, ओळखीच्या कुणीतरी एमानचं नाव सुचवलं. नवा पायजमा, गार हवा, छतावर ढग. काम संपलं तरी पोरगं पलंगावरून उतरेना. म्हणालं, आई, आपण इथेच राहू या ना. "सगळे माझ्याकडे बघत होते, चादर मळेल म्हणून. हा टाचा आपटत बसला. मी थोबाडीत मारली आणि दंडाला धरून ओढत नेला. त्याच पावसाळ्यात डेंग्यू झाला त्याला. इस्पितळात शेवटच्या दिवसापर्यंत विचारायचा, ढगांच्या खोलीत कधी जायचं?"

ताईनं माझा हात धरला. टाचांचं आम्ही तिला काहीच सांगितलं नव्हतं.

"फेली, नको," भाऊजी हळूच म्हणाले.

पण ताईनं सांगितलं. ऊन उतरेपर्यंत सगळं सांगितलं, कॅनडासुद्धा. मला वाटलं मारिविक किंचाळेल, नाहीतर निघून जाईल. तिनं नुसते डोळे पुसले. "मला थोडा वेळ आत बसू द्याल? दार लावून?"

आम्ही दाराबाहेर उभे राहिलो. मग टक-टक, आणि तिचा आवाज, दबका, "चल ना रे घरी." पुन्हा टक-टक, जोरात. ती बाहेर आली. "येत नाही म्हणतोय," म्हणाली.

"मग आज ओढू नकोस त्याला," ताई म्हणाली. वॉर्डात नवख्या आयांशी बोलायची तसा आवाज. "त्या दिवशी राहू दिलं नाहीस ना? आज झोपव. त्याच्याजवळ पड."

"चादर..."

"मळू दे गं चादर."

मारिविक चपला काढून त्या छोट्या पलंगावर पाय दुमडून आडवी झाली. ताईनं पडदे ओढले, पांघरूण घातलं. दोघांवर घालावं तसं, जरा पलीकडेपर्यंत. आम्ही स्वयंपाकघरात बसून राहिलो. केक कुणी कापला नाही.

दिवे लागायच्या वेळेला ती बाहेर आली. उजवा हात अंगापासून किंचित लांब, खाली सोडलेला, बोटं अर्धवट मिटलेली. "निघतो आम्ही," एवढंच म्हणाली. फोटो मी कापडात गुंडाळून तिच्या डाव्या बगलेत दिला.

केकवाली अजून खाली आली नाही म्हणून लॉबीतला रखवालदार तिला सामानाच्या लिफ्टकडे वळवायला वर आला होता. त्याला भाऊजींनी एवढंच सांगितलं, "ही माझी पाहुणी आहे." मग त्यांनी मोठ्या लिफ्टचं दार हातानं धरून ठेवलं. लहान पावलांना आत यायला लागेल तितका वेळ. आणि याच भाऊजींनी त्याला घालवायला पाद्रीबाबांना बोलावलं होतं.

ताई दारातून हलली नाही. लिफ्ट खाली गेल्यावर म्हणाली, "इतके महिने माझ्याजवळ राहिला. जाताना माझ्याकडे बघितलं असेल का गं त्यानं?"

मी तिला आत नेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मारिविकला फोन केला. मी शेजारीच होते. "पोचलात ना नीट? कसा आहे?"

मारिविक म्हणाली, "ताई, जीपनीत मांडीवर होता. पासिग नदीच्या पुलावर गाडी थांबली आणि माझा हात हलका झाला. रात्रभर वाट बघितली. घरी नाही आला."

त्या टाचा पुन्हा वाजल्या नाहीत, ना ताईकडे, ना मारिविककडे. मिसेस दिझोनना ताईनं स्वतः जाऊन खरं सांगितलं. त्या आता तिच्याशी बोलत नाहीत. एक नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, आम्ही सगळे मारिविकबरोबर कबरस्तानात गेलो. मेणबत्त्या लावल्या, भात आणि केक खाल्ला. भाऊजींनी थडग्याची फरशी घासून काढली.

भाऊजींना आता हे घर विकून बातांगासला, समुद्राकाठी जायचंय. दोनदा त्यांनी चांगली गिऱ्हाइकं आणली. दोन्ही वेळा ताईनं त्यांना दारातून परत पाठवलं.

"का गं?" मी विचारलं.

"मी नकाशात बघितलंय," ती म्हणाली. "त्या पुलावरून मारिविकचं घर लांब आहे. हे जवळ पडतं."