क्लच नसलेली गाडी

आमच्या घरात गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा ती चालवणार कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. किरणअण्णा चालवणार. माझा मोठा भाऊ, बँकेत नोकरी, खिशात नवंकोरं लायसन्स. अप्पांना चष्मा लावूनही धड दिसायचं नाही, मला माझी स्कूटी पुरे होती. आईचा तर विषयच नव्हता.

आईला लहानपणी पोलिओ झाला होता. डावा पाय मांडीपासून बारीक, त्याला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आणि हातात काठी. तरी आठवड्यातले बरेच दिवस ती चिकपेटेतल्या आमच्या साड्यांच्या दुकानात जाऊन बसायची. 'शकुंतलाबाई आहेत का?' असं विचारूनच जुनी गिऱ्हाइकं पायरी चढायची. बसवनगुडीतल्या घरून दुकानात जायचं म्हणजे ऑटो. चढताना अप्पांनी काखेत हात द्यायचा, उतरताना दुकानातल्या कुणीतरी. तिचा दिवस आमच्या सवडीवर ठरायचा. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, म्हणून आम्हालाही ते कधी दिसलं नाही.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. अण्णाने दोन जुन्या फियाट पाहिल्या, ओळखीच्यांना विचारलं, आणि शेवटी नवी मारुतीच घ्यावी असं त्याचं मत झालं. अप्पांची, म्हणजे गुंडूरावांची, अट एकच होती.

"मध्येच रस्त्यात उभी राहायला नको. आणि उभी राहिलीच, तर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला कळली पाहिजे."

"मारुती कुणालाही कळते, अप्पा," अण्णा म्हणाला.

जेवणं चालली होती. आईने भाताचं पातेलं पुढे सरकवलं आणि विचारलं, "किरण, क्लच दाबायला किती जोर लागतो रे?"

अण्णाने खाली पानात बघितलं.

"डाव्या पायाने दाबायचा असतो ना आई तो," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे. सुम्मने, सहज विचारलं," ती म्हणाली, आणि मला ताक वाढायला लागली.

आमच्या वरच्या खोलीत उल्हास भाड्याने राहायचा. पुण्याचा मुलगा, पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्या दिवशी तो आमच्याकडेच जेवायला होता. त्याने हातातला घास तसाच ठेवला.

"काकू, आम्ही जी गाडी बनवतोय ना, तिला क्लचच नाहीये."

"म्हणजे?" अप्पांनी विचारलं.

"बॅटरीवर चालते. गिअर नाहीत, क्लच नाही. अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक, बस. दोन्ही उजव्या पायाने."

"बॅटरीवर?" अण्णा हसला. "गाडी आहे की टॉर्च?"

उल्हासही हसला, पण त्याचं लक्ष आईकडे होतं. आई ताकाची वाटी हातात धरून तशीच बसली होती.

"सरी, ठीक आहे," अप्पा म्हणाले. "बघायला काय जातंय?"

रविवारी आम्ही सगळे पीण्याला गेलो. दोन्ही बाजूंना छोटे छोटे कारखाने, बहुतेक बंद. उल्हासच्या कारखान्याच्या आवारात, पत्र्याच्या शेडपुढे, ती उभी होती. एवढीशी! दोन दारांची, फिक्या पिवळ्या रंगाची, चाकं तर एखाद्या खेळण्यासारखी. अण्णा माझ्या कानाशी म्हणाला, "ही पावसात विरघळेल."

उल्हासने पुढचं झाकण उघडलं. अप्पा वाकून बघायला लागले. तिथे इंजिन नव्हतं.

"इंजिन कुठाय?"

"नाहीच आहे. मोटर आहे, मागे." त्याने अप्पांना मागे नेऊन दाखवली. आमच्या घरातल्या मोठ्या कुकरएवढी असेल. "हिच्यात फिरणारा भाग एकच. तेल बदलायचं नाही, प्लग साफ करायचे नाहीत, सायलेन्सर नाही. सीटखाली बॅटऱ्या. घरच्या प्लगला वायर लावून ठेवायची."

अप्पा व्यापारी माणूस. त्यांनी कापडाचा तागा उलगडावा तसे एकेक प्रश्न काढले. किती लांब जाते? शहरातल्या शहरात दिवसभर पुरेल, पण म्हैसूरला जायचं म्हटलं तर नाही. बॅटऱ्या किती टिकतात? काही वर्षांनी बदलाव्या लागतील, आणि तो खर्च मोठा असेल. बिघडली तर?

"कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला नाही कळणार, काका. खोटं कशाला सांगू? मला फोन करावा लागेल. आणि अजून ही विकायलाही काढलेली नाही. आम्ही टेस्टिंग करतोय."

"मग आपण कशाला आलोय इथे?" अण्णा म्हणाला.

"काकूंनी बसून बघावं म्हणून."

आई ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सीट ऑटोपेक्षा बरीच खाली होती, त्यामुळे ती कुणाचाही हात न घेता आत गेली. मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला आणि बाजूला ठेवून दिला. तिथे त्याला काही कामच नव्हतं. उल्हास शेजारी बसला, मी मागच्या बारक्या सीटवर अंग दुमडून.

"किल्ली फिरवा."

आईने किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. तिने पुन्हा फिरवायला हात घातला.

"काकू, चालू झालीय."

"आवाज नाही आला."

"येणारही नाही. आता उजवा पाय अगदी हलके ठेवा. पापडावर ठेवल्यासारखा."

शेडचा खांब मागे सरकला. मला आधी वाटलं खांबच हलतोय. मग अप्पा मागे गेले, अण्णा मागे गेला, आणि कळलं की आम्ही चाललोय. इंजिनाची घरघर नाही, थरथर नाही, धूर नाही. टायरखाली खडी चुरचुरत होती ती ऐकू येत होती. कुंपणाच्या झाडावर साळुंक्या भांडत होत्या त्या ऐकू येत होत्या. आईच्या कॅलिपरची कडी हलल्यावर किण् झालं तेही ऐकू आलं, आणि ती दचकली. आयुष्यभर तिच्या पायाला असलेली ती कडी तिला कधी गाडीत बसल्यावर ऐकू आली नव्हती.

"भव्या," ती मला म्हणाली, मागे न बघता, "मी करतेय ना हे?"

"तूच करतेयस, आई."

कारखान्याला वळसा घालून मागच्या बाजूला एक उतार होता, ट्रकमध्ये माल चढवायच्या धक्क्यापासून खाली येणारा. उल्हासने गाडी तिकडे घ्यायला लावली. उतारावर आईने पाय उचलला. उल्हासने समोरच्या तबकडीकडे बोट दाखवलं. काटा इतका वेळ एका बाजूला झुकलेला होता, तो आता मधल्या शून्यावरून पलीकडे गेला.

"हे काय झालं?"

"परत भरतेय. उतारावर मोटर उलटं काम करते. गाडी स्वतःला अडवते, त्यातून वीज होते, ती पुन्हा बॅटरीत जाते."

खाली आल्यावर आईने गाडी वळवली, पुन्हा चढावर नेली आणि पुन्हा उतरली. नजर काट्यावर. तिसऱ्यांदा तिने अप्पांना हाक मारून गाडीत बसवलं. मी उतरले, उल्हास मागे गेला आणि अप्पा आईशेजारी बसले. अप्पा डोळे बारीक करून तबकडीला नाक लावून बसले, आणि गाडी खाली आल्यावर त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "देवा! खर्चलेलं परत येतंय."

गाडीतून उतरताना मात्र त्यांचं काट्याकडे लक्ष नव्हतं. ते आईकडे बघत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आई गाडी चालवतेय आणि आपण शेजारी बसलोय हे त्यांनी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक रविवारी उल्हास आईला पीण्याला घेऊन जायला लागला. कारखान्याला काही गाड्या शहरातल्या कुटुंबांना वापरायला द्यायच्या होत्या, त्या रोजच्या धबडग्यात कशा वागतात ते बघायला. उल्हासने आमचं नाव सुचवलं. अण्णा चिडला.

"अप्पा, मारुतीचं बुकिंग करायचंय मला. विकायला नसलेल्या गाडीची वाट बघायची?"

"थांब स्वल्प," अप्पा म्हणाले. "फुकटात वापरून बघतोय ना."

लायसन्सच्या परीक्षेला मी आईबरोबर गेले होते. तपासायला आलेले अधिकारी भारी मिशांचे, कडक. त्यांनी आईची काठी पाहिली, कॅलिपर पाहिलं, डॉक्टरांचा दाखला पाहिला आणि शेजारी बसले.

"स्टार्ट माडी, अम्मा."

"आगिदे, सार," आई म्हणाली. झालीय.

"नाही झालेली."

"झालीय."

ते खाली उतरले. झाकणावर तळहात ठेवला, मग वाकून कान लावला. मैदानातले इतर लोकही गोळा झाले. साहेब पुन्हा आत बसले आणि आईने पाय टेकवताच गाडी हलली, तेव्हा त्यांनी चटकन दाराची मूठ धरली. परीक्षा संपली तरी ते उतरेनात. "अजून एक फेरी, अम्मा," ते म्हणाले. आता त्यांच्या आवाजातला कडकपणा पार गेला होता.

लायसन्स मिळालं, कारखान्याने चाचणीची एक गाडी आमच्याकडे दिली, आणि आई स्वतः ती चालवत दुकानात जायला लागली. चिकपेटेच्या बोळात गाडी शिरत नाही, म्हणून ती अव्हेन्यू रोडच्या तोंडाशी ओळखीच्या गोदामापुढे ठेवायची. आणि एक दिवस व्हायचं तेच झालं. आदल्या दिवशी आमच्या भागात लाइट गेले ते बराच वेळ आले नाहीत, बॅटऱ्या अर्ध्याच भरल्या होत्या. तशीच आई निघाली. अव्हेन्यू रोडच्या ऐन गर्दीत गाडी मंद झाली आणि उभी राहिली. मागे ऑटो, हातगाड्या, ओरडाआरडा. मी शेजारी बसलेली, लाजेने अर्धी झाले. आईने काच खाली केली आणि माल वाहणाऱ्या दोघा हमालांना हाक मारली.

"अण्णा, स्वल्प ढकलता का?"

गाडी हलकी होती. दोघांनी हसत हसत ती गोदामापर्यंत ढकलत नेली. तिथून वायर टाकून गाडी प्लगला लावली, आणि बघता बघता भोवती गर्दी झाली. एकाने विचारलं, आता ही वीज पिते का? पिते, मी म्हणाले. एक म्हातारे गृहस्थ हळूच पुढे झाले, वायरीला नाही, पण गाडीच्या अंगाला हात लावला, आणि गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवला. आई आपली दुकानात जाऊन साड्या दाखवत बसली. संध्याकाळी गाडी भरली, आम्ही घरी आलो.

"उभी राहिलीच ना रस्त्यात?" अण्णा म्हणाला. "मी सांगत होतो."

"राहिली," आई म्हणाली. "पण काटा सकाळपासून सांगत होता. मीच ऐकलं नाही. तिच्यात काही बिघडलं नव्हतं."

आम्ही सगळे अप्पांकडे बघत होतो. त्यांची अट घरात सगळ्यांना पाठ होती. अप्पांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला.

"किरण, तुला लांब जायला लागतं. तू तुझ्यासाठी मारुती घे, चांगली गाडी आहे. पण घरची गाडी ही." मग उल्हासला म्हणाले, "विकायला काढाल तेव्हा पहिल्यांदा आम्हाला सांगायचं. आणि गाडी माझ्या नावावर नको. हिच्या."

अण्णाने उठून वायरीचं भेंडोळं उचललं आणि बाहेर जाऊन गाडी प्लगला लावून आला. पहिल्यांदाच.

विक्री सुरू व्हायला अजून बराच अवकाश होता. तोवर चाचणीची गाडी आमच्याकडेच ठेवायला कारखान्याने होकार दिला. नव्व्याण्णवच्या सुरुवातीला एका सकाळी मी उठले तर आई घरात नव्हती आणि गाडीही नव्हती. अप्पांना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. दुकानात फोन केला, तिथेही नाही. आम्ही घाबरून फाटकाशी उभे असतानाच फोन वाजला.

व्हाइटफील्डहून सुमतीमावशीचा फोन होता. आईची थोरली बहीण. व्हाइटफील्ड तेव्हा गावाबाहेर होतं, तिकडे जायचं म्हणजे आम्ही सुट्टीचा बेत करायचो.

"भव्या, अगं तुझी आई आलीय," मावशी म्हणाली. तिचा आवाज चमत्कारिक येत होता. "फाटक उघडलं तर ही गाडीतून उतरतेय. मी म्हटलं, कुणाबरोबर आलीस? म्हणते, कुणाबरोबर नाही. मी मागच्या सीटवर बघितलं, रस्त्यावर जाऊन बघितलं. अगं, कुणीच नाही!"

"आई कुठाय आता?"

"मधल्या खोलीत प्लग शोधतेय."

पलीकडून आईचा आवाज आला, सुमतीअक्का, खिडकी उघड, वायर तिथून बाहेर काढते. मग आईने फोन घेतला.

"भव्या, संध्याकाळी येते. तोवर भरेल."

"अगं, पण सांगून जायचंस की! कशासाठी गेलीस?"

ती जरा थांबली. मागे मावशीच्या अंगणात कुणीतरी पाणी शेंदत होतं, रहाट करकरत होता.

"सकाळी उठले," ती म्हणाली, "आणि सुमतीअक्काला भेटावंसं वाटलं."