पट्टा मीच शिवला होता

"तीन वर्षं नव्हतं ते एकवीस दिवसांत झालं," असं माइकवर सांगून माझे दाजी लाजले आणि हॉलभर टाळ्या पडल्या. सगळे पुरुषच, बरेचसे हृदयाचे रुग्ण.

सिद्ध पट्टे विकणाऱ्या पट्टेबाबांनी स्टेजवरून हात वर केला. "पट्टा कमरेला, गोळी कचऱ्याला! विष उतरलं की मर्द जागा होतो!"

मी मागच्या खुर्चीत दात-ओठ खात होतो. माझं चपला-बुटांचं दुकान. ते सिद्ध पट्टे मीच शिवलेले. आत कातडं आणि दोरा, बाकी शून्य. मग दाजींना गुण आला कशानं? खोटं बोलणारा माणूस नव्हे तो.

दाजी स्टेजच्या तीन पायऱ्या उतरून माझ्याशेजारी बसले, ते धापा टाकतच. सवयीनं माझी नजर बुटांवर गेली. दोन महिन्यांपूर्वी मीच मापानं दिलेले बूट, आणि आता नाडी बांधता येत नव्हती. वाकून नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो तसाच राहिला. म्हणजे पायात पाणी साचलं होतं.

"दाजी, हृदयाच्या गोळ्या?"

"सगळ्या बंद. तीच तर अट. तुझ्या ताईला सांगू नकोस."

बखोट धरून त्यांना तडक दवाखान्यात नेलं. बाहेर ताई माझा हात घट्ट धरून बसली. वाचतील की नाही, हे संध्याकाळपर्यंत कुणी सांगेना.

मग डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. "पट्ट्यानं नाही, अटीनं केलं. पाच गोळ्यांतल्या एकीनं काही पुरुषांना हा पुरुषत्वाचा त्रास होतो. ती सुटली, त्रास गेला. बाकीच्याही सुटल्या आणि छातीत पाणी भरलं. त्या एकीऐवजी दुसरी गोळी देता येते हो. मला का नाही सांगितलंत?"

दाजी मास्कआडून म्हणाले, "बाईमाणसाला कसं सांगणार?"

"जिवापेक्षा लाज मोठी?" बाई म्हणाल्या.

पुढच्या बैठकीला मी हॉलमध्ये उभा राहिलो. म्हटलं, पट्टा राहू द्या, आधी नडगीवर अंगठा दाबा. बाबा "नास्तिक, नास्तिक" ओरडत राहिले, पण माणसं वाकली. नऊ जणांच्या पायावर खड्डा राहिला.

चमत्कार दिसला की एवढंच विचारा, त्याच दिवसांत आणखी काय बदललं? आणि गोळी मनानं सोडू नका. जे बायकोलाही सांगवत नाही, ते डॉक्टरला सांगा.

मलाही कान धरायला हवेत. पट्टे शिवताना मी हसून म्हणालो होतो, कातडंच तर आहे, कुणाचं काय बिघडतंय. ताईचं कुंकू तेवढं पुसलं जायचं राहिलं.