पेशींची राखण करणारं पाकीट

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शब्दही साधेच आहेत. माझ्या अंगावर जेवढं छापलंय, तेवढंच माझं शिक्षण.

मी मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट बोलतोय. जन्म कारखान्यात, नोकरी तैवानमधल्या तैनान शहराच्या एका प्रयोगशाळेत, पेशी वाढवायच्या उबदार कपाटावर. यंत्रं बिघडू नयेत म्हणून इकडे आमची नेमणूक होते. पाकीट हिरवंच लागतं, मुदतीतलं लागतं आणि ते कुणी खायचं नसतं. तिथल्या संशोधक ह्वेइवेनने माझ्यावर मार्करने लिहिलं होतं, ‘पेशींनो, निमूट गिळा.’

तिला पेशींच्या आत हिरवी चमक देणारा एक परका जीन घालायचा होता. तो नुसता ओतला तर पेशी ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून तो कॅल्शियमच्या क्षारात मिसळून, बुडबुडे सोडत, फॉस्फेटच्या पाण्यात थेंबाथेंबाने घालायचा. पाणी जरासं गढुळतं. ते बारीक कण अंगावर बसले की पेशी गिळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात. ह्वेइवेनच्या चमकत नव्हत्या. या खेपेलाही जमलं नाही तर काम दुसऱ्याला देऊ, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिला शांतपणे सांगितलं होतं.

तिने पाणी नव्याने बनवलं, आम्लता पुन्हा पुन्हा मोजली, थेंब टाकले, पेशींची बशी कपाटात ठेवली, मला हात जोडले आणि घरी गेली.

संध्याकाळी तिचा सहकारी पो-रुइ भुकेला आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मी रिकामा झाल्यावर त्याला घाम फुटला. त्याने माझ्यात कापूस भरला आणि तोंड चिकटवून टाकलं. आत परकी वस्तू, बाहेर जुनंच आवरण. पेशींवर काय वेळ येते, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बशीभर हिरवं चमकत होतं. ह्वेइवेन आभार मानायला आली, मला उचललं आणि थबकली.

“हे एवढं हलकं कसं?”

“ताई, आत कापूस आहे,” पो-रुइ म्हणाला. “कालपासून.”

“म्हणजे हे माझ्या हातानं झालं?”

“पाकिटानं तर नक्कीच नाही.”

ती बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मग माझी सुटलेली चिकटपट्टी अंगठ्याने दाबून तिने मला परत कपाटावर ठेवलं.

“पेशींच्या कानावर जाऊ देऊ नकोस,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पो-रुइने माझ्याशेजारी एक नवं, भरलेलं पाकीट आणून बसवलं. इथं काम काय असतं, असं त्या नव्या पाकिटाने मला विचारलं. बसायचं, मी सांगितलं, आणि त्याला जागा करून दिली.