गयाबाईच्या घरची तीन पाळ्यांची खाट

मी एक जुनी खाट आहे, मित्रांनो. पण मला नुसती खाट म्हणाल तर मी रुसेन. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा तिथल्या खुर्सीपार वस्तीत मीही तिन्ही पाळ्यांत राबले आहे. आणि मला साप्ताहिक सुट्टीही नव्हती!

माझे पाय बाभळीचे, वीण अंबाडीच्या दोरीची. तुमसरकडच्या देवाजी सुताराने मला घडवलं आणि आपल्या विधवा बहिणीला, गयाबाईला, दिलं. कारखान्यावर आलेल्या आपल्याकडच्या माणसांसाठी तिने खानावळ काढली होती. त्या काळी भिलाईत रोज नवी माणसं उतरत. रुंद रस्ते, दवाखाना, कारागीर घडवणारी ट्रेनिंगची शाळा, शेजारच्या दुर्ग शहरात कॉलेज. सगळं त्यांना बोलावत होतं. नव्हती ती फक्त पाठ टेकायला जागा. ती मी दिली. एक उठला की दुसरा निजे.

घरात दोन नियम होते. नवा माणूस पहिल्या दिवशी खाटेवर निजणार, आणि दिवसा झोपलेल्याला कोणी उठवायचं नाही. रातपाळी करून आलेला असतो बिचारा. या दोन चांगल्या नियमांनीच एकदा घात केला.

एका उन्हाळ्यात गावाकडून देवानंद आला. दुपारी दोनला ट्रेनिंगच्या शाळेची परीक्षा, आणि पोरगा गाडीत रात्रभर उभा. त्या वेळी माझ्यावर हक्क खानावळीतल्या फकिराचा. तोही रातपाळीने पार गळून गेला होता, तरी बाजूला झाला.

"झोप तू. बारा वाजता मावशी उठवते तुले," म्हणत त्याने आपली चादर देवानंदच्या अंगावर टाकली आणि परसात लिंबाखाली पोतं अंथरून आडवा झाला. मावशी, म्हणजे गयाबाई, तेव्हा बाजारात गेली होती. ती येईपर्यंत दोघेही गाढ झोपले.

गयाबाई परतली. चादर ओळखीची, डोक्यावरून ओढलेली. "फकिरा झोपून राहिला, गलका नका करू रे," तिने सगळ्यांना दटावलं. बारा वाजले, एक वाजला. देवानंद कूस बदलायचा तेव्हा मी जीव तोडून कुरकुरले. पण खाटेचं कुरकुरणं कोण मनावर घेतं?

अडीच वाजता फकिरा घाम पुसत परसातून आत आला. गयाबाईच्या हातातलं ताटच गळून पडलं.

"तू इथं, तं खाटेवर कोण हाय?"

फकिराने देवानंदला सायकलवर बसवून जिवाच्या आकांताने पॅडलं मारली. शाळेचं फाटक बंद झालं होतं. वर्ष वाया गेलं.

संध्याकाळी गयाबाई जेवली नाही. देवानंद तिच्याजवळ येऊन बसला.

"मावशी, कावून रडून राहिली? एवढी झोप तं मले घरीबी कोणी घेऊ देली नाही."

ते ऐकून ती आणखीच रडली. मलाही फार वाईट वाटलं.

तो गावी परतला नाही. ठेक्यावर विटा वाहिल्या आणि वर्षभर माझा चौथा हिस्सेकरी झाला. पुढच्या परीक्षेच्या सकाळी गयाबाई चूल सोडून माझ्या पायथ्याशीच बसून होती. तो पास झाला.

आता माझ्यावर निजलेल्या सगळ्यांना कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरात, क्वार्टर मिळाले, घरोघरी पलंग आले. माझ्यावर वड्या वाळतात. वीण सैल झाली आहे, दोरी ताणायला कोणाला सवड नाही. ते दिवस आठवले की गलबलून येतं. पण माझं मागणं माझ्यासाठी नाही. मित्रांनो, हे गाव वाढतंच आहे, शिकायला नवी मुलं येतच राहतील. त्यांना जागा द्याच, पण ती निजण्याआधी एवढं विचारा, "बाळा, तुला किती वाजता उठवायचं?"